जैनोद्दीनचा आवाज कुणी घालवला?

आमच्या नाट्यमंडळात मी, बलभीम, प्रॉम्प्टर. पोटासाठी धाराशिवच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी. जैनोद्दीनच्या डोक्यात संशय शिरला तो मी सांगितलेल्या एका गोष्टीवरून. म्हणून हे मीच सांगायला पाहिजे.

जैनोद्दीन मूळचा सास्तूरचा. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये राहायची वेळ आली, तर शेजारीच कल्याणप्पा गुरुजी पेटी घेऊन बसायचे. हा दारात उभा राहून पदं ऐकायचा. "दारातनं काय ऐकतूस, आत ये की," गुरुजी एकदा म्हणाले. पुढची दहा वर्षं तो त्यांच्याकडं शिकला. मग एसटीत कंडक्टर झाला. स्टँडवर त्यानं "येडशी, येडशी!" असा पुकारा केला की तुळजापूरला निघालेली माणसंसुद्धा वळून बघायची.

आमच्या संगीत नाटकातला राजपुत्र तो नऊ वर्षं करत होता. वरच्या षड्जावर जाऊन असा ठरायचा की टाळ्या कधी वाजवायच्या हेच लोकांना सुचायचं नाही. राजपुत्राचा मित्र करायचा बसवेश. कापडाचं दुकान, वयानं दहा वर्षांनी लहान, गळा बेताचा. प्रयोगाच्या दिवशी तो घरून थर्मासमध्ये ज्येष्ठमधाचा काढा आणायचा आणि पहिला कप जैनोद्दीनपुढं धरायचा. "घ्या जैनूभाई."

एकदा तोंडाला रंग लावता लावता मी सहज बोलून गेलो, की जुन्या नाटक कंपन्यांत म्हणे गवयाचा आवाज घालवायला विड्यातून शेंदूर चारायचे. सगळे हसले. जैनोद्दीनही हसला.

दोन महिन्यांनी उमरग्याच्या प्रयोगात त्याचा आवाज चिरकला. वरच्या षड्जाला नुसती हवा आली. पुढच्या प्रयोगात मधल्या सप्तकातही खरखर. विंगेत आल्यावर त्यानं माझा दंड धरला.

"बलभीम, बसवेश सोता काढा पितो का रे?"

"पीत असंल की."

"म्या न्हाय बघितला कधी. तू बघितलास?"

मी आठवून पाहिलं. मीही बघितला नव्हता. बसवेशला चहाच लागायचा.

तिथून जैनोद्दीन बसवेशवर नजर ठेवायला लागला. तालमीला मुद्दाम उशिरा यायचा आणि बाहेर खिडकीशी थांबून ऐकायचा. एकदा आत बसवेश राजपुत्राचं पद गुणगुणत होता. सगळं, अंतऱ्यासकट. "माझी पदं ह्येला पाठ कशाला पायजेत?" तो मला म्हणाला. खरं सांगायचं तर आता मलाही बसवेशचं हसणं वेगळं दिसायला लागलं होतं.

पुढच्या प्रयोगात त्यानं कप तोंडाला लावल्यासारखं केलं, पडद्यामागं जाऊन काढा बाटलीत ओतला आणि सकाळी ती बाटली माझ्या प्रयोगशाळेत आणली. शेंदरात शिसं असतं. आमच्या सरांनी माझ्यासमोर रसायन घालून तपासलं. शिसं असतं तर तळाशी पिवळा साका बसला असता. तो बसला नाही.

मला हायसं वाटलं. जैनोद्दीन मात्र बाटलीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.

"तुझी अन् बसवेशची लई दोस्ती हाय, न्हाय?"

"आरं, सरांनी तपासलंय!"

"सर तुझेच की."

तो गेला तो मंडळातच यायचा थांबला. राजपुत्र बसवेशकडं गेला. नगरपालिकेच्या सभागृहातल्या प्रयोगाला जैनोद्दीन शेवटच्या रांगेत बसलेला मी विंगेतून पाहिला. बसवेशचा सूर जिथं जिथं उतरला, तिथं तो मान हलवत होता.

घरी तो बायकोनं, शाहिस्तानं, केलेला चहासुद्धा आधी हुंगायला लागला. हे कळल्यावर मी त्याच्या घरी गेलो, तर शाहिस्ताच म्हणाली, "बलभीमभाई, ह्यांचा गळा बिघडला ते राहू द्या, डोस्कं बिघडाय लागलंय." शेवटी स्टँडवरचा पुकाराही निघेना, तेव्हा तिनंच त्याला सोलापूरला घशाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं दुर्बीण घालून त्याचाच गळा त्याला पडद्यावर दाखवला. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन गाठी.

"काम काय करता?"

"कंडक्टर."

"आणि वर गाता?"

"व्हय."

"मग अजून काय व्हायचं राहिलं होतं? ह्या गाठी वर्षानुवर्षांच्या ओरडण्याच्या आहेत."

सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, असं बजावून डॉक्टरनं पाठवलं. मला सोबत घेऊन जैनोद्दीन बसवेशच्या दुकानात गेला. खिशातली वही काढून लिहिलं : 'मला वाटलं तू शेंदूर घातलास. चुकलो.'

बसवेशनं वाचलं. कापडाची घडी घालत म्हणाला, "तुमी बाटलीत वतताना म्या बघितलं होतं."

जैनोद्दीननं लिहिलं : 'मग बोलला का नाहीस?'

"बोललो असतो तर चोर घाबरला म्हणला असता. पुढं काढा आणला नसता तरी तेच. अन् खिडकीशी हुबं ऱ्हाऊन ऐकत हुता, ते बी ठाव हुतं. पदं पाठ कशी, तर नऊ वर्षं विंगेत हुबा ऱ्हाऊन ऐकतोय. न ऐकून सांगतो कुणाला?"

जैनोद्दीननं वही मिटून खिशात ठेवली. बसवेशनं चहा मागवला. कुणी प्यालं नाही.

आवाज आला, पण पुरता नाही. डेपोनं त्याला आरक्षणाच्या खिडकीवर बसवलं. पेटीच्या पांढरी चार पट्टीत गाणारा माणूस आता खालच्या काळी एकच्या वर जात नाही. दोन वर्षांनी मंडळात परतला तेव्हा त्यानं स्वतःहून म्हातारा राजा मागून घेतला. त्याला एकच पद आहे, खालच्या सुरातलं, आणि ते तो फार सुंदर गातो.

बसवेश अजून राजपुत्र करतो. तालमीत जैनोद्दीन त्याला श्वास कुठं घ्यायचा ते सांगतो, बसवेश "बरं" म्हणतो आणि तसं करतो. नाटकाबाहेर दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. गेल्या महिन्यात लोहाऱ्याच्या प्रयोगात बसवेश वरच्या षड्जावर पहिल्यांदा नीट ठरला. म्हातारा राजा तेव्हा सिंहासनावर बसून होता. नाटकात त्या जागी राजानं रागावलेलं असायला पाहिजे.

जैनोद्दीन डोळे मिटून ऐकत होता.