पोटातला कोंब आणि बत्तीस धवले

तळवलीत गोजराबायशिवाय लग्न लागत नसे. भटजीला उशीर झाला तर लोक चहा पीत थांबायचे, पण हळदीला धवले गाणारी ही धवलारीण वेळेवर हवीच. बत्तीस धवले तिला तोंडपाठ; शिकवला मात्र एकही नाही कुणाला. सून रंजिता टेपरेकॉर्डर घेऊन मागे लागली की म्हणायची, "टेपात घातला का धवला बाटला!"

चौऱ्याण्णव साली गोजराबायला जेवण जाईना. वाशीच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली. "जठरात गाठ होती. काढलीय. तपासायला पाठवतो, आठ दिवसांनी या."

गाठ म्हटल्यावर पुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही. घरी येताच ओटीवर बसकण मारली.

"रंजिते, तुजा तो डबडा आन."

"आई, रिपोर्ट तर येऊ द्या."

"रिपोर्टाला गाता येतंय काय? मी गेली त पुतन्याची हलद कोन गाईल, तुजा डाक्टर?"

पुतण्या मिथुनचं लग्न पंधरवड्यावर होतं. मग आठ दिवस गोजराबाय कोळंबी सोलता सोलता गात राहिली. कोंबड्यांना हाकललं, शेजारणीला शिव्या दिल्या, तेही टेपात गेलं. नवरीच्या पाठवणीचा धवला आला तेव्हा मात्र ती मधेच थांबून पदराने डोळे पुसू लागली. रंजिताने हळूच बटण दाबून टेप थांबवला.

आठव्या दिवशी डॉक्टर हसतच म्हणाले, "मावशी, कॅन्सर नाही. साधी वाढ. मांसाला कोंब फुटला म्हणा. दिसतो गाठीसारखा, करत काही नाही. आणि तो तर काढलाच!"

रिक्षात बसताच गोजराबायनं पदर खोचला. मग एकदम, "त्या कॅसेटी पुसून टाक."

"का ओ आई?"

"मरनार म्हनून दिलेले. आता कुठं मी मरतंय!"

"पुसते. पण मला पाठ झालेत, त्याचं काय करू?"

सासूने तिच्या मांडीला चिमटा काढला, पण दोघी हसल्या.

मिथुनच्या हळदीला गोजराबायनं पहिली ओळ उचलली. दुसरी झेलणारी सुमित्राबाई दोन वर्षांमागे वारली होती. तेव्हापासून ही एकटीच दम टाकत गायची. आज मागून रंजिताचा आवाज आला, स्वच्छ, ठसठशीत. बायका माना वळवून बघू लागल्या. गोजराबायनं सुखाने दम घेतला, आणि पाचव्या ओळीला वाट बदलून भलतीच ओळ गायली. रंजिता अडखळली.

सासू कानाशी वाकली. "ही वल टेपात नाय घातलेली, पोरी. उद्या ये, देतंय."