भाऊबिजेचा निळा ड्रम

भाऊबिजेला लोक बहिणीला साडी देतात. मी ड्रम दिला होता, आणि ती साडीपेक्षाही जास्त खूश झाली होती. दारव्ह्याला तिच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. एवढा मोठा ड्रम अंगणात उभा राहिला तेव्हा शेजारणी बघायला आल्या होत्या.

मी तेव्हा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कीटकनाशकं बाटल्यांत भरणाऱ्या एका कारखान्याचं गोदाम सांभाळायचो. कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला आणि बोंडअळी दर हंगामात वाढलेली. फवारण्या वाढत तसा आमचा कारखाना जोरात चाले. औषध मोठ्या निळ्या ड्रमांतून यायचं आणि रिकामे ड्रम मागच्या आवारात साचायचे. नियम सरळ होता: हा धोकादायक कचरा आहे, ड्रमांना भोकं पाडून निकामी करायचं आणि परवाना असलेल्या कंपनीच्या गाडीत चढवायचं. ती गाडी आमच्या फाटकातून आत आलेली मी कधी पाहिली नाही. आमच्याकडे ड्रम दिवाळीला कामगारांना वाटायचे.

वाटप थाटात व्हायचं. मालक स्वतः एकेकाला हाक मारायचे. मिठाईचा डबा हातात, ड्रम बाजूला. बाया हसत, एकमेकींना चिडवत ड्रम लोळवत न्यायच्या. मालक मला म्हणायचे, "पाह्य, त्याइची दिवाळी बी झाली अन् आपलं आवार बी खाली झालं." मी हसायचो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

बहिणीसाठी मी चांगला जाड बुडाचा ड्रम निवडला होता. सोड्यानं धुतला, राखेनं घासला, कडुलिंबाचा पाला घालून उन्हात ठेवला. मग आत डोकं घालून वास घेतला. वास आला नाही, म्हणजे ड्रम साफ झाला. आमच्याकडे सगळे असंच ठरवायचे.

पुढे केव्हातरी असा कचरा नेणाऱ्या एका कंपनीचा माणूस काम मागायला आला. मालकांनी त्याला माझ्याकडे ढकललं. आवारात फिरून त्यानं विचारलं, "रिकामे ड्रम कुठे जातात?"

"धुऊन वाटतो आम्ही."

"घरी वापरायला?" तो थांबलाच. "अहो, प्लास्टिक औषध पितं. कितीही धुवा, आत मुरलेलं हळूहळू पाण्यात उतरत राहतं. वासावर जाऊ नका."

मी तसाच मालकांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, "त्याले त्याची गाडी भराची हाये. इतके ड्रम वाटले, मेलं काय कोनी?"

मेलं काय कोनी! जणू माणूस मरेपर्यंत सगळं ठीकच असतं. त्यांच्या टेबलावर बाटलीबंद पाणी होतं. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारव्ह्याची जीप पकडली.

माझी भाची विटेवर उभी राहून ड्रममधून पेल्यानं पाणी काढत होती. मी पेला हिसकावून घेतला. ती भोकाड पसरून रडायला लागली. बहीण धावत बाहेर आली.

"काहून रे दादा, पोरीवर कायले ओरडून राह्यला?"

"हा ड्रम फोडा लागते. ह्याच्यातलं पानी प्याचं नाही कोनी."

तिची सासू खाटेवर बसून तूर निवडत होती. "भाऊबिजेचं देल्लं वापस घेते काय कोनी? असी रीत आमी तं नाही पाह्यली बापा."

"मावशी, विषारी औषधाचा हाये तो."

"मंग देल्ला तवा काय अत्तराचा होता?"

बहीण माझ्याकडे बघत राहिली. "तुनंच सांगतलं होतं ना, साफ हाये म्हनून? पोरीले ह्याच्यातलंच पाजलं मी."

मी अंगणातली लोखंडी सब्बल घेतली आणि ड्रमच्या बुडात घातली. आठवडाभराचं पाणी अंगणातून गटारात गेलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे आता. खालून डांबर लावून घेऊ, अर्धा तं भरन." मग मात्र माझा तोल गेला. शेजारच्या सुताराची करवत आणून मी ड्रम कापायला बसलो. कापता कापता, जमलेल्या शेजाऱ्यांतून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, खालचा भाग मले देजा. गाईचं कुटार भिजवाले होते."

"अन् गाईचं दूध कोन पेते?" मी ओरडलो. पुन्हा कोणी काही मागितलं नाही. बहीण भिजलेल्या पोरीला घेऊन आत गेली. मी निघालो तेव्हा बाहेर आली नाही.

तुकडे भंगारवाल्याला दिले असते तर ते कुणाच्या तरी घरी पोचले असते. म्हणून जीपच्या टपावर बांधून लोहाऱ्याला आणले आणि कारखान्यात मालकांच्या खोलीच्या दारात टाकले.

मालक बाहेर आले. "हे कायले आनलं इथं? आवार साफ हाये म्हनून कालच तपासनीवाले सरकारी साहेब लिहून गेले ना!"

"साफ राहीनच! घान ह्याइच्या घरात हाये ना सारी!"

मी इतक्या जोरात बोललो की बाटल्या भरणाऱ्या बायांचे हात थांबले. लेबलं चिकटवणाऱ्या एका वयस्क बाईनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"कोनाच्या घरात, भाऊ? माह्या बी?"

"तुमच्या बी, काकू. धुतला तरी जात नाही ते. आजच फोडून टाका."

"माह्या घरी नाही आता तो," ती म्हणाली. "लेकीच्या सासरी पाठवला. तिले दिवस हायेत, पान्यासाठी लय हिंडा लागते बिचारीले."

मागून मालक मला आत बोलवत होते.

"कोनतं गाव?" मी विचारलं.

"दिग्रस," ती म्हणाली आणि हातातली लेबलं तशीच टाकून उठली.