‘केलेले’ऐवजी ‘केलेल्या’

चित्रकारांचे ब्रश बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात तिला सगळे टीपबाई म्हणत. कुठलाही कागद हाती आला की ती आधी तो उलटा करून मागे काय छापलंय ते बघे, मग तळाच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचे आणि सगळ्यात शेवटी मथळ्याकडे वळे. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा तिने कधी न वाचता टाकली नव्हती. लग्नाची पत्रिका आली तरी ही आधी छापखान्याचं नाव वाचते, असं तिचा नवरा म्हणायचा. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद तयार करणं हे तिचं काम, आणि एकोणीस वर्षांत तिने भरलेला एकही अर्ज परत आला नव्हता. ही गोष्ट ती आपणहून सांगत नसे. मालक सांगत, आणि ती शांतपणे ऐकून घेत असे.

तिच्या टेबलासमोर काचेची भिंत होती आणि पलीकडे केसांचं टेबल. तिथे तीन बायका शेळीचे केस निवडत. मधली तिची थोरली जाऊ. या टेबलावर तिची चोवीस वर्षं गेली होती. केस आले की आधी उकळायचे, वाळवायचे, विंचरायचे, मग चिमूटभर केस पितळी पेल्यात टोकं खाली करून ठोकायचे, म्हणजे सगळे एका ओळीत येतात. त्यातला एखादा उलटा असेल, बुडखा खाली आणि टोक वर, तर तो डोळ्यांना दिसत नाही. जाऊबाईंच्या बोटाला मात्र कळे. त्या बोलत बोलत तो बरोबर ओढून काढत. घरात कुणी उलट बोललं की त्या अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतूनच काहीतरी उपटल्यासारखं करत, आणि बोलणारा गप्प बसे.

दोघी जावांचं आपसात गोड बोलणं असं फारसं नव्हतंच. टोमण्यांवर संसार चालला होता, आणि चांगला चालला होता.

त्या वर्षी सरकारने व्यापाराचे नियम बदलले. प्राण्यांपासून मिळणाऱ्या वस्तूंचं एक वेगळं प्रकरणच त्यात घातलं. मालकांच्या जावयाने एक पान छापून आणलं आणि एका वाक्याखाली लाल रेघ मारली. वाक्य असं होतं: ‘निर्जंतुक न केलेले प्राणिज केसांचे ब्रश निर्यात करता येणार नाहीत.’

जावई म्हणाले, यात न समजण्यासारखं काय आहे, तयार ब्रश उकळा. मालकांनाही ते पटलं. मोठ्या पातेल्यात पन्नास ब्रश सोडले. पाण्याला कढ आला तसा केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या नळीतला डिंक सुटला, दांड्यांचा रंग उतरला आणि केस वर येऊन तरंगू लागले. सगळे पातेल्याभोवती उभे होते. शेवटी जाऊबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “कुणी दाढी करून पाणी तसंच ठेवलंय का?”

हसू आलं तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी मालकांनी तिघींना बोलावून सांगितलं की, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून फक्त नायलॉनचे ब्रश होतील. केसांचं टेबल बंद. कामावरून कुणाला काढणार नाही, तिघींनी खोकी भरायला बसायचं. मालक माणूस वाईट नव्हता. सांगताना तो सारखा चष्मा पुसत होता. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की खोकं उलटं की सुलटं हे आंधळ्यालाही कळतं, त्याला माझी बोटं कशाला हवीत. एक तारखेपासून मी येणार नाही.

घरी जाताना टीपबाईने विषय काढला, तर त्यांनी तिलाच फटकारलं. “तू एवढ्या टिपा वाचतेस. माझ्या टेबलाबद्दल कुठे काही लिहिलंय का?”

हे मात्र टीपबाईला लागलं. कारण खरंच, तिने फक्त ते एक पान वाचलं होतं, तेही दुसऱ्याने रेघ मारलेलं. तिने त्याची मागची बाजू पाहिली होती. ती कोरी होती, आणि तेवढ्यावर तिने समाधान मानलं होतं.

सकाळी तिने सगळं प्रकरण मागवलं, सोबतच्या अर्जासकट. नियमाचं वाक्य तिने चार वेळा वाचलं. व्याकरण सरळ होतं. ‘न केलेले’ हे ब्रशांनाच लागत होतं. केस निर्जंतुक करायचे असते तर ‘न केलेल्या केसांचे ब्रश’ असं हवं होतं. जावयांनी वाचलं ते बरोबरच होतं. मग तिने अर्ज उलटा केला, तळाच्या टिपा वाचल्या, खुर्चीला टेकली आणि चहा मागवला. तिला चहा मागवताना पाहून काचेपलीकडच्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या, कारण कामाच्या वेळी ती चहा घेत नसे.

त्याच दिवशी ती निर्यात कार्यालयात गेली. खिडकीमागे तरुण तपासनीस होता. माणूस नम्र, पण नियमाला धरून. त्याने वाक्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं की यात स्पष्ट ‘केलेले’ आहे.

“आहे ना,” टीपबाई म्हणाली. “व्याकरण तुमच्या बाजूने आहे, साहेब. पण तुमचाच अर्ज माझ्या बाजूने आहे.”

तिने अर्ज पुढे सरकवला. रकाना सात: निर्जंतुकीकरणाचा दिनांक. रकाना आठ: दांड्यावर केस बसवल्याचा दिनांक. आणि मागे, बारीक अक्षरात, टीप: रकाना आठमधील दिनांक रकाना सातमधील दिनांकानंतरचा असावा.

तपासनीसाने टीप वाचली. परत वाचली.

“आता मला सांगा,” ती म्हणाली, “ब्रश जन्मायच्या आधी त्याला आंघोळ कशी घालायची?”

तो हसला नाही, पण त्याने पेन खाली ठेवलं. आपल्याला नियम बदलता येत नाही, असं तो म्हणाला. तेही ती जाणून होती. वर पाठवायचं पत्र ती लिहूनच घेऊन आली होती, फक्त कार्यालयाचा शिक्का बाकी होता. त्यात केस आधी उकळण्याची कारखान्याची पद्धत चार ओळींत सांगितली होती, पशुवैद्यकासमोर उकळून दाखला घेण्याची तयारी लिहिली होती, आणि शेवटी एका शब्दाची दुरुस्ती सुचवली होती. तपासनीसाने पत्र वाचलं, त्यात काही खोड निघते का ते पाहिलं आणि शिक्का मारला.

मालकांना तिने सांगितलं की नायलॉन मागवायची घाई नको. उत्तर नाही आलं तर काय, असं त्यांनी विचारलं. येईल, ती म्हणाली, आणि कामाला लागली.

महिना संपायला दोन दिवस असताना शुद्धिपत्रक आलं. सगळं मिळून एक ओळ: ‘केलेले’ऐवजी ‘केलेल्या’ असे वाचावे. मालकांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि चष्मा न पुसताच केसांचं टेबल राहील असं सांगून टाकलं.

टीपबाई तो कागद घेऊन काचेपलीकडे गेली. जाऊबाई आपला कंगवा आणि पितळी पेला पिशवीत भरत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. यात बदललं काय, असं त्यांनी विचारलं. टीपबाईने बोट ठेवून दाखवलं: इथली मात्रा गेली, आणि ‘ल’ला ‘या’ जोडला, बाकी काही नाही.

जाऊबाईंनी त्या अक्षरावर बोट टेकवलं. मग पेला पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

“सरकारच ‘या’ म्हणतंय म्हटल्यावर,” त्या म्हणाल्या, “यायलाच हवं.”