आत जाणारी हवा

देऊळघाट रस्त्यावरचा पंक्चरवाला प्रत्येक ट्यूब फुगवून, हवा कुठून सुटते ते कळावं म्हणून आधी गालाशी धरतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी माझ्या छोट्या ग्लायडरच्या थर्माकोलच्या पंखावर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, लावलेलं कापड होतं. ते घट्ट बसावं म्हणून पंख प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भंगारातल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं मी आतली हवा ओढत होतो. पण पिशवी कुठंतरी गळत होती आणि रेझिन सुकत चाललं होतं. धावत जाऊन त्या पंक्चरवाल्याला घेऊन आलो.

त्यानं सवयीनं पिशवीच्या कडेला साबणाचा फेस फासला आणि बुडबुड्यांची वाट पाहत बसला.

"अगा भाऊ, इथं हवा बाहीर नाही, अंदर जाऊन राह्यली!" मी ओरडलो.

तेवढ्यात एका जागी फेस सुर्रकन आत गडप झाला. त्यानं तिथं टेप दाबली. पिशवी पंखाला बिलगली तसा तो टाळी वाजवून हसला. "जिनगीभर हवा पयून जाताना पाह्यली. आज पहिल्यांदा घरात येताना पाह्यली!"

ग्लायडर उडवायच्या दिवशी तो दुकान उघडं टाकून माळावर आला. पंख गालाशी धरून त्यानं क्षणभर डोळे मिटले.

"अंदरची सारी हवा काढली ना? मंग सोडा. बाहीरची सारी आपलीच हाय!"