काचेवरून न निघणारं नाव

आधीच सांगून ठेवते, मी गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. लिंबू वरणावर पिळते आणि मिरची ठेच्यात घालते. अमावस्येला नवी साडी नेसते. मांजर आडवं गेलं तर त्याला जाऊ देते आणि मग आपण जाते. धाराशिवच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीला केमिस्ट्री शिकवते. या ग्रुपवर मैत्रिणीनं ओढून आणलं, आणि तुमचे अनुभव मी आजवर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलेत... हसायला. आता तुमची पाळी. हसा खुशाल.

नावं सगळी बदललीयत. एक सोडून. ते बदललं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

आणि हो, नवऱ्याला मी इथं 'तो' म्हणणार आहे. इतकी वर्षं 'अहो' म्हटलं, 'आमचे हे' म्हटलं. बास झालं. महेश समजा त्याचं नाव. बियाणं-औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी. भूम, वाशी, परंडा हा त्याचा भाग, त्यामुळं आठवड्यातले दोन-तीन मुक्काम तिकडंच. कधी शंका आली नाही. फिरतीवरचा माणूस फिरणारच की.

गेल्या दिवाळीच्या आधी तो एक पांढरी गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"सेकंडहँड हाय, पण एकदम चोख. परंड्याकडं एक ओळखीचा होता, त्याची," म्हणाला.

मी गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. आमची स्वरा तिसरीत आहे, ती तर अंगणभर नाचली. तिला एकच हवं होतं... समोरच्या काचेवर तिचं नाव. आमच्याकडं पोरांची नावं गाडीच्या काचेवर वरच्या बाजूला चिकटवतात. त्या चकचकीत अक्षरांना सगळे रेडियमच म्हणतात. स्वराला गुलाबी रेडियम पाहिजे होतं.

पण त्या जागेवर आधी कुणाचं तरी नाव होतं. रेडियम ओरबाडून काढलेलं आणि खाली गोंद तसाच. त्यात धूळ बसून काळपट पट्टा झालेला. अक्षरं काही लागत नव्हती.

"कुणाचं नाव होतं हो?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक! असंल त्याच्या पोराचं. तू केमिस्ट्रीची मॅडम नव्हं? मग काढ की."

मला असं कुणी म्हटलं की माझ्या अंगात येतं. रविवारी दुपारी पदर खोचून बसले. आधी खोबरेल तेल चोळून ठेवलं, कारण गोंदाला तेल भिनलं की तो पकड सोडतो. मग हेअर ड्रायरनं गरम केलं, ब्लेड आडवं धरून खरवडलं. उरलासुरला नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसला. शेवटी साबणाचं पाणी आणि वर्तमानपत्राचा बोळा. काच अशी लख्ख झाली की शेजारच्या काकू त्यात बघून टिकली नीट करून गेल्या.

सोमवारी सकाळी कॉलेजला निघाले. ऊन काचेवर आलं आणि पट्टा परत तिथंच.

म्हटलं, राहिला असेल थोडा. पुन्हा काढला. पुन्हा आला. काकू म्हणाल्या राख लाव, लावली. पेट्रोल झालं, थिनर झालं. दरवेळी काच स्वच्छ व्हायची आणि एक-दोन दिवसांत बोट लावलं की चिकट लागायचं. रेडियमवाल्याकडं गेले तर तो ऐकेना.

"म्याडम, खाली गोंद असला तर रेडियम धरत न्हाय बगा. चार दिवसांत कोपरे सुटत्यात. पयलं काच साफ करून आणा, मग लावतो."

स्वरा रुसून बसली. "मैथिलीच्या गाडीवर तिचं नाव आहे, माझंच का नाही?" मी मनाची समजूत घातली... जुनी काच, बारीक ओरखडे, त्यात मुरलेला गोंद उन्हानं वर येत असणार. शास्त्र आहे. हे मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं असतं.

मग तुळजापूरला दर्शनाला निघालो होतो, तर पुढं खडीचा टिपर. एक खडा उडाला आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. स्वरा घाबरून रडली. मी मात्र मनातून खूश! म्हटलं गेली एकदाची ती काच. सोलापूरहून नवी मागवली, माझ्यासमोर खोक्यातून काढली, माझ्यासमोर बसवली. कोरी करकरीत.

त्याच आठवड्यात, सकाळी नवाच्या सुमारास, कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. ऊन तिरपं आलं. आणि नव्या काचेवर, त्याच जागी, गोंद. या वेळी पट्टा नव्हता, अक्षरं होती. वेडीवाकडी, पण स्पष्ट.

अनुसया.

मी खाली उतरून बोट लावलं. चिकट. बाहेरून, आतून नाही. कुणी पोरानं खोडी केली म्हणावं तर नाव ते आणि अक्षर ते! कारण ते अक्षर मी ओळखत होते. त्यातला 'स' खाली घसरलेला होता आणि शेवटचा काना लांब ओढलेला... हुबेहूब तसं नाव मी रोज बघितलेलं होतं, माझ्या सासूबाईंच्या हातावर.

सासूबाईंचं नाव अनुसया. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. माहेर तेर गावचं. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलं होतं त्यांनी, आणि गोंदणारणीचा हात मधेच घसरला म्हणून 'स' खाली आलेला. मी त्यांच्या हाताला तेल लावून द्यायचे तेव्हा तो हात माझ्या मांडीवर असायचा. "दागिनं हितंच राहत्यात पोरी," म्हणायच्या, "गोंदण तेवढं संगं येतं."

त्या गेल्या तेव्हा मला पाचवा महिना होता. शेवटी शेवटी माझा हात घट्ट धरायच्या आणि एकच धोशा लावायच्या, "पोरगी झाली तर माझं नाव ठिव. तुझ्याच पोरीला ठिव." मी व्हय म्हटलं होतं. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव ठेवतातच, त्यात नवल काही नाही.

पण बारशाच्या आदल्या दिवशी महेशच नको म्हणाला. "आईचं नाव ठेवलं तर पोरीला रागवायचं कसं? त्या नावानं कसं खेकसू मी?" आणि ढसाढसा रडला. मोठ्या माणसाचं नाव लेकराला ठेवलं की त्या नावानं शिवी देता येत नाही, हे आमच्याकडं सगळेच मानतात. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हटलं राहू द्या, स्वरा ठेवू. केवढा मऊ मनाचा माणूस मिळालाय आपल्याला, असं मला वाटलं होतं. मला! मी पोरांची कॉपी नुसती मान बघून पकडते.

संध्याकाळी त्याला काच दाखवली. त्याचा चेहरा पांढरा पडला. खिशातला रुमाल काढून त्यानं ते खसाखसा पुसलं, जायच्या ऐवजी पसरलं.

"काय न्हाय तिथं. धूळ हाय," म्हणाला. "तुला आईची आठवण येते, भास व्हायलेत तुला."

"मग पुसताय काय?"

त्यानं रुमाल खिशात कोंबला आणि घरात गेला. जेवताना एकदम म्हणाला, "ही गाडी इकून टाकू." आणि निजताना पुन्हा एकदा, "परंड्याकडं नेऊ नको हां ही. रस्ता लई खराब हाय." मला वाटलं, आईच्या आठवणीनं बिचारा हलला. दया आली मला त्याची. दया!

रात्रभर विचार केला आणि केमिस्ट्री गुंडाळून ठेवली. म्हटलं, म्हातारीची एकच इच्छा होती आणि ती मी मोडली. नाव मागतायत त्या. पोरीला आता ठेवता येत नाही, निदान गाडीला तरी लावू. तो कंपनीच्या मीटिंगला पुण्याला गेला होता. स्वराला समजावलं तर ती शहाणी म्हणाली, "आजीचं वर लाव, माझं खाली."

खरं सांगते, त्या दिवशी गोंद एका फडक्यात निघाला. रेडियमवाला म्हणाला, "आता कसं साफ करून आणलाव!" त्यानं वर लाल रंगात 'अनुसया' लावलं, खाली गुलाबी 'स्वरा'. मी लांब उभी राहून बघितलं आणि नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. किती बरं वाटलं होतं, काय सांगू.

दुसऱ्याच दिवशी परंड्याला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची वास्तुशांत होती. स्वराला घेऊन एसटीनं जाणार होते. स्टँडवर गेले तर गाडी लागलेली नाही, कधी लागेल ते कुणाला ठाऊक नाही. म्हटलं चुलीत गेला खराब रस्ता, आपली गाडी कशाला आहे? बार्शीवरून गेलो. रस्ता चांगला होता.

परंड्यात किल्ल्याच्या बाजूला एका दुकानापुढं गाडी थांबवली, मैत्रिणीची गल्ली विचारायला. शाळा नुकतीच सुटली होती. पोरांच्या घोळक्यातून एक मुलगी सुसाट पळत आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पाठीवर दप्तर उडतंय. थेट गाडीला येऊन चिकटली आणि मागं वळून ओरडली,

"आई! पप्पाची गाडी! माझं नाव परत लावलंय बघ!"

मला काही कळेचना. तिनं ड्रायव्हरच्या बाजूनं आत वाकून बघितलं आणि मला बघून बावरली.

"पप्पा कुठंयत?"

मी विचारलं, "तुझं नाव काय गं बाळा?" कशाला विचारलं कुणास ठाऊक. शाळेत शिकवतात तसं तिनं सरळ उभं राहून सगळं सांगितलं, "अनुसया महेश..." आणि पुढं आडनाव. आडनाव लिहीत नाही. माझंच आहे.

"आजीचं नाव हाय माझं," ती म्हणाली. "पप्पांनी काढलं होतं काचंवरचं, मी जेवले नव्हते मग." नंतर तिनं काचेवर बोट ठेवून खालचं वाचलं. "स्व... रा. ही स्वरा कोण?"

माझ्या शेजारच्या सीटवरून माझी लेक म्हणाली, "मी."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. जिवणी तीच, भुवया त्याच. ही स्वरापेक्षा बोटभर उंच. आत्याबाई गेल्या तेव्हा मला पाचवा महिना होता हे वर सांगितलंय, म्हणजे ही त्यानंतर आणि स्वराच्या आधी झालेली, बाकीचं तुमचं तुम्ही समजून घ्या. त्याला बारशाला आईच्या नावाचा उमाळा आला नव्हता. नाव आधीच देऊन झालं होतं.

तेवढ्यात तिची आई आली. हातात भाजीची पिशवी, गळ्यात मंगळसूत्र. तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग काचेकडं, मग माझ्याकडं. पोरीला दंडाला धरून घेऊन गेली. तिला माझं ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. विचारायला गेले नाही. मैत्रिणीच्या घरीही गेले नाही. स्वरानं वाटेत एकदाच विचारलं, "मम्मी, तिचे पप्पा आपले पप्पा आहेत का?" मी गाडी चालवत होते. मी चालवतच राहिले.

तो पुण्याहून आला तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं रडेल, पाया पडेल, निदान खोटं तरी बोलेल. काय म्हणाला ठाऊक आहे?

"म्या सांगितलं होतं न्हवं, परंड्याकडं नेऊ नको म्हणून?"

एवढंच. आता तो इथं राहत नाही. गाडी माझ्याकडं आहे.

वरचं लाल रेडियम मी माझ्या हातानं काढलं. खाली गोंद राहिला होता. थोडं खोबरेल तेल लावलं आणि पहिल्याच फटक्यात गेला. परत आला नाही. मी आजही रोज सकाळी उन्हात बोट फिरवून बघते. गुळगुळीत काच. जुन्या काचेचं मी तुम्हाला शास्त्रात बसवून देईन, पण खोक्यातून काढलेल्या कोऱ्या काचेवर गोंद कुठून आला, आणि तो घसरलेला 'स' कुणी काढला, ते मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर खाली लिहा. भास म्हणू नका, बोटाला चिकटलेला होता तो.

एवढं म्हणून थांबले असते. पण महेशचं मला आता काही वाटत नाही, झोप उडवलीय ती आत्याबाईंनी. "तुझ्याच पोरीला ठिव" म्हणायच्या. 'तुझ्याच' का म्हणायच्या? तेव्हा मला ती माया वाटली होती. परंड्याचं मेल्यावर कळलं असेल आणि मग काचेवर लिहिलं असेल, तर आत्याबाई, तुमचे उपकार. पण जिवंतपणीच ठाऊक असेल... तर तुमचा हात इतके दिवस माझ्या मांडीवर होता. मी त्याला तेल लावत होते. तेव्हा बोलायला काय झालं होतं?