मामा आणि रिकाम्या खाटांची यादी

कुठलीही माहिती एका रात्रीत नासते, असं मनापासून मानणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. दूध नासतं, मासळी नासते, एवढं आपल्यालाही कळतं. मामांच्या मते पत्ता नासतो, फोन नंबर नासतो, डॉक्टरची वेळ नासते, आणि लग्नाची पत्रिका तर छापखान्याबाहेर पडल्या क्षणापासून नासायला लागते. आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी माझ्या वडिलांना फोन केला होता. "नमस्कार, मुलीचा मामा बोलतोय. हॉल तोच ना? मुहूर्त तोच ना?" वडील हो हो म्हणत राहिले. मग मामांनी विचारलं, "आणि मुलगा?" वडिलांनी हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं मनात ठेवला. मामांना मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. "काल तोच होता हे मला ठाऊक होतं. मी आजचं विचारत होतो," असं ते मलाच समजावून सांगायचे.

दर दसऱ्याला ते चिंचपोकळीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत डायरी उघडून बसायचे आणि तिच्यातल्या प्रत्येक नंबरावर फोन लावायचे. एरवी वर्षभर गप्प असणाऱ्या माणसाचा अचानक फोन आला की समोरच्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं, हे सांगायला नको. दादरच्या एका चुलतबहिणीने तर फोन कानाला लावल्या लावल्या रडायलाच सुरुवात केली होती. "अगं, कुणी गेलं नाही. तुझा नंबर चालू आहे का बघत होतो. ठेव आता," म्हणून मामांनी पुढचा नंबर फिरवला. मासळीबाजारात कोळणीला "ताजी आहे का?" असं ते कधी विचारत नसत. "किती वाजता आली?" असं विचारत. ती सांगेल त्यात मनाशी दोन तास मिळवत.

मी नोकरीतून मोकळा झालो तसं या मामांनी मला परळच्या एका लहानशा ऑफिसात ओढलं. एका धर्मादाय संस्थेची ती पहिल्या मजल्यावरची खोली. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, दोन फोन आणि भिंतीला लावलेलं एक लांब बाकडं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांत गावाकडून पेशंट येतात. उपचार महिना महिना चालतात, आणि सोबतच्यांना राहायला जागा नसते. कुठल्या धर्मशाळेत, कुठल्या वसतिगृहात आज खाट रिकामी आहे, एवढंच आम्ही सांगायचो. रोज सकाळी नऊला संस्थेच्या मुख्य कचेरीतून सगळ्या जागांची फाइल यायची. ती आमच्या कॉम्प्युटरवरच्या डेटाबेसमध्ये ओढून घ्यायची, की कालची यादी पुसली जाई आणि आजची बसे. एक बटण दाबायचं, काम दोन मिनिटांचं.

मामा त्याला सकाळचे दोन तास लावत. यादी बसली की ते फोन उचलून एकेका जागेला विचारत, "कागदावर चार दिसतायत, तुमच्याकडे किती?" पलीकडचा म्हणे, "अहो मामा, आत्ताच एक भरली." मग मामा माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत. "बघा जावईबापू. नऊची फाइल, नऊ वीसला शिळी." मी बायकोकडून त्यांचा जावई लागतो, म्हणून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ऑफिसातला पाणीवालासुद्धा मला जावईबापू म्हणू लागला.

फोनवर कळलेल्या गोष्टींचे शेरे मामा एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवत. रोजची यादी पुसली जाते, त्यात लिहिलं तर तेही पुसलं जाणार, म्हणून हा तक्ता निराळा. यादीतल्या अनुक्रमांकावरून प्रत्येक शेरा आपल्या जागेसमोर येऊन बसायचा. शेरे वाचण्यासारखे असत. 'लिफ्ट आहे, पण दुपारी झोपते.' 'स्टोव्ह चालतो, सुकट चालत नाही.' 'राखणदार तापट, पण आधी गावाची चौकशी केली तर विरघळतो.' 'तळमजला, संडास जवळ, पायाच्या पेशंटला उत्तम.'

मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठवडाभर घरी बसायची आज्ञा झाली. जाताना त्यांनी मला सूचनांचा कागद दिला. पहिलीच ओळ होती: 'यादी ताजी केल्यावर नावं मोजा. काल चाळीस होती.' मी तो कागद हसत हसत खणात टाकला.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या, कणकवलीच्या पुढच्या कुठल्याशा गावच्या. नवऱ्याचं पायाचं मोठं ऑपरेशन झालेलं, तो खाली टॅक्सीत बसलेला, दोन्ही काखेत कुबड्या. हॉस्पिटलने सोडलं होतं, पण रोज ड्रेसिंगला यायचं होतं. मी यादी पाहिली. चिंचपोकळीच्या एका धर्मशाळेसमोर शेरा होता: 'तळमजला, पायाच्या पेशंटला उत्तम.' दोन खाटा रिकाम्या. मी फोन न करताच चिठ्ठी लिहून दिली. बाई हात जोडून गेल्या, आणि मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पंधरा मिनिटांनी मामांचा फोन आला. "यादी ताजी झाली?"

"झाली मामा."

"नावं किती?"

मी स्क्रीनवर पाहिलं. "एक्केचाळीस."

"नवं कुठे घातलंय?"

"सगळ्यात वर."

पलीकडे श्वास ओढल्याचा आवाज आला. "जावईबापू, म्हणजे सगळे नंबर एकेक खाली सरकले! शेरे जुन्या नंबरावरच बसलेत. याचा शेरा त्याला लागलाय. सकाळपासून कुणाला पाठवलंत?"

मी चिंचपोकळीचं नाव सांगितलं. मामा म्हणाले, "तिथे खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. लिफ्ट नाही," आणि फोन ठेवला.

त्या बाईंचा मोबाइल बंद होता. धर्मशाळेचा फोन कुणी उचलेना. मी ऑफिसला कुलूप लावून टॅक्सी पकडली. सिग्नलमागून सिग्नल लागत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाच्या कुबड्या आणि तो उभा जिना. पडला तर? टाके उसवले तर? देवाचं नाव घ्यायची सवय सुटलेली, तीही त्या वीस मिनिटांत परत लागली.

धावत आत शिरलो तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो पेशंट बसलेला, आणि त्याच्या शेजारी मामा. डोळ्यांवर ऑपरेशनचा भलामोठा काळा चष्मा, अंगात घरचा सदरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मांडीवर त्या माणसाच्या कुबड्या आडव्या धरून ठेवलेल्या, म्हणजे त्याने उठू नये. चाळीतून ते तसेच चालत आले होते.

"गाव खंयचा तुमचा?" मामा त्याला विचारत होते, आणि दोघांचा कुणीतरी एक ओळखीचा मास्तर निघाला होता.

मला पाहून मामा म्हणाले, "घाबरू नका. तीनच पायऱ्या चढले होते. पलीकडच्या गल्लीतल्या वसतिगृहात तळमजल्यावर जागा आहे, मी येता येता बोललोय." मी मटकन खालच्या पायरीवर बसलो. त्या बाईंनीच मला पाणी दिलं.

त्यांना नव्या खोलीत पोचवून, खाटेवर पाय सरळ झालेला बघूनच आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर मामा थांबले. "जावईबापू, आपण फार मोठा गाढवपणा केलात." इतक्या आदराने मला आजवर कुणी गाढव म्हटलं नव्हतं. मग चार पावलं चालून ते हळूच म्हणाले, "थोडा मीही केला. शेरे नंबराला बांधले. नंबर कुणी पण बदलतो. नावाला बांधायला हवे होते." दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरांना न सांगता, ते ऑफिसात आले आणि आम्ही दोघांनी बसून सगळे शेरे जागांच्या नावांना जोडले.

गेल्या वर्षी त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली आणि मामा मुलाकडे बदलापूरला राहायला गेले. जायच्या आधी दोन दिवस त्यांनी मला पायी पायी एकेका जागी नेलं. प्रत्येक राखणदारापुढे मला उभं करून सांगितलं, "आता हे फोन करतील. जावई आहेत आमचे, सांभाळून घ्या." तापट राखणदाराने त्या दिवशी आम्हाला चहा पाजला आणि मामांचा हात बराच वेळ सोडला नाही.

हल्ली सकाळचे फोन मी करतो. माझा आवाज ऐकला की पलीकडून आधी "मामा बरे आहेत ना?" असं येतं, खाटांचा आकडा नंतर. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मी बदलापूरला फोन लावतो. मामा बाकी काही विचारत नाहीत. "बाकड्यावर कुणी उरलंय का?" एवढंच.

"नाही मामा. सगळ्यांची सोय झाली."

"बरं झालं," ते म्हणतात. आणखी काहीतरी विचारायचं असल्यासारखे थोडा वेळ फोन धरून राहतात. मीही धरून राहतो.