भांडणाची फर्माईश

ऑर्केस्ट्रा परत जुळला तेव्हा गायकाला त्याचा अकॉर्डियनवाला मिळाला, अकॉर्डियनवाल्याला गायक मिळाला आणि पब्लिकला दोघं एका स्टेजवर मिळाले. माझा मात्र आयटम गेला.

मी नकला करायचो. पडदा वर गेला की सुरुवातीचा वेळ माझा. लोक अजून खुर्च्या शोधतायत, पोरं रडतायत, शेंगदाणेवाला रांगांतून फिरतोय, अशा वेळी माईकसमोर उभं राहून सगळ्यांची तोंडं आपल्याकडं वळवायची. कुत्र्यांची मारामारी, मिरजेला डबे जोडताना इंजिन धापा टाकतं तो आवाज, हिंदी नट, सुट्टीवर आलेला सुभेदार, असा सगळा माल होता. गायक आणि अकॉर्डियनवाला या आमच्या दोन मालकांचं फाटलं आणि दोघांनी दोन वेगळे ऑर्केस्ट्रे काढले, तेव्हा मी अकॉर्डियनवाल्याकडं राहिलो. तिथं एकदा थट्टेत त्या दोघांच्या भांडणाचीच नक्कल केली. गायक नाकात बोलायचा, अकॉर्डियनवाल्याला वाक्य संपलं की खोकायची सवय. "तू बेसूर गातोस, ते मी आजवर झाकत आलोय," खॉक. "तू नुसता भाता हलवून वारा घालतोस. लोक मला ऐकायला येतात!" लोक हसून खुर्च्या वाजवायचे. भांडण चाललं तोवर माझंही बरं चाललं.

जुळायच्या आधी दोघांनी खेळ ठरवणाऱ्या कंत्राटदाराच्या तोंडून एकमेकांना पुष्कळ अटी घातल्या. त्यातली एकच दोघांनाही लगेच पटली. भांडणाची नक्कल बंद. वर कंत्राटदार मला म्हणाला, "सांगलीपर्यंत बघतो. लोक हसले न्हाईत, तर तुझ्या वेळात दोन गाणी वाढवू. मग तू मेढ्याला जा आन म्हशी राख." मी मेढ्याचा, आणि आमच्याकडं म्हशी खरंच होत्या, त्यामुळं ही नुसती धमकी नव्हती.

साताऱ्यात लोक हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात मी टोपी कपाळावर ओढून चहा पीत बसलो होतो. घसा बसलेला, पाठ धरलेली, आणि सांगलीची एसटी लागायची होती. शेजारच्या बाकड्यावर आमचीच चर्चा रंगली होती. बोलणाऱ्यांत एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याच्या खिशात पेचकस होता म्हणून कळलं. दुसरा गुळाच्या आडतीवरचा असावा, कारण माश्या एकट्या त्याच्यावर बसत होत्या.

"पाच रुपय!" आडतवाला म्हणाला. "पाच रुपयात माझं घरदार पिच्चर बघून येतंय."

"मागं दोनचं तिकीट हुतं की."

"मागनं काय दिसतंय रं? पंखा!"

"पर मला एक सांग," रेडिओवाला म्हणाला, "फुटल्यावर दोन्हीबी ऑर्केस्ट्रे फुल्ल जायाचे. आन जुळल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ह्ये कसलं गणित?"

"म्हातारी झाल्यात दोघं."

"म्हातारी न्हाईत, गप झाल्यात. पयले एकामेकाकडं बघून वाजवायची. काल बघितलंस न्हवं? एक तोंड कोरेगावाकडं, एक महाबळेश्वराकडं."

"आन सुरवातीला ती कुत्री! पाच रुपय देऊन कुत्री कोण ऐकतंय? माझ्या दारात फुकट भुकत्यात."

आता हे मात्र मला लागलं. मी टोपी अजून खाली ओढली, घोगरा आवाज काढला आणि त्यांच्याकडं वळलो. "आवं दादा, मी वडूजचा. आमच्या गावात लोक निस्त्या नकला बघाया येत्यात. गाणी सुरू झाली की च्या प्याया भाईर जात्यात."

रेडिओवाल्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "वडूजचं व्हय तुमी?"

"व्हय जी."

"काय करता?"

"बाजरी करतो."

"वाईच भुकून दावा बरं."

सगळं हॉटेल हसलं. गल्ल्यावरचा मालकसुद्धा. काल रात्री त्याच गावात तेवढं हसू मिळालं असतं तर मी टोपी ओढून बसलो नसतो. मी टोपी काढली.

"आरं मर्दा," आडतवाला म्हणाला, आता एकदम सलगीत, "त्ये भांडण का केलं न्हाईस? त्याच्यासाठनं तर आलतो आमी."

"बंद हाय. मालकांची अट हाय."

"हितं कुठं मालक हाईत? कर की. भजी सांगतो."

मी दमलो होतो, भूक लागली होती आणि साताऱ्यात निदान एकदा तरी हसू बघायचं होतं. बाकड्यावर बसल्या बसल्या केलं. नाकातला आवाज, खोकला, सगळं. आडतवाला डोळे पुसत होता. मग रेडिओवाला म्हणाला, "रविवारी दुपारी तुमचा सांगलीला खेळ हाय न्हवं? माझा मेव्हणा हाय तिथं. तुमच्यात आलेली चिठ्ठी परत जात न्हाई म्हणं. खरं का?"

ते खरं होतं. आमच्या ऑर्केस्ट्रात फर्माईशीच्या चिठ्ठ्या यायच्या, आणि दोघा मालकांनी अगदी पहिल्या दिवसांत ठरवलं होतं की चिठ्ठी कुणाचीही असो, परत पाठवायची नाही. गाणं येत नसलं तर दोन ओळी तरी म्हणायच्या. फुटल्यावरसुद्धा दोघांनी आपापल्या ठिकाणी हा नेम पाळला. म्हणून मी म्हणलं, "खरं हाय." आणि भज्यांकडं वळलो.

सांगलीला थिएटर बरं भरलं होतं, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. कुत्री झाली, इंजिन झालं, सुभेदारही येऊन गेला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं माझ्याकडं बघत जांभई दिली, आणि जांभईची नक्कल मला जमते पण ती करायचं बळ नव्हतं. मी नमस्कार करून विंगेत आलो. कंत्राटदार नुसता मान हलवत राहिला. मी मनातल्या मनात म्हशींची नावं आठवायला लागलो.

तिसऱ्या गाण्यानंतर चिठ्ठ्या यायला लागल्या. गायक स्वतः वाचायचा. पहिली वाचली आणि खिशात टाकली. दुसरी वाचली, तीही खिशात. तिसरीला त्याचा चेहरा बदलला. मागनं आरोळी आली, "चिठ्ठी वाचा की वं मोठ्यानं!" आवाज ओळखीचा होता. साताऱ्याचा रेडिओवाला, मेव्हण्याला आणि मेव्हण्याच्या गल्लीला घेऊन आला होता.

अकॉर्डियनवाल्यानं गायकाकडं न बघता हात पुढं केला. गायकानं खिशातल्या चिठ्ठ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं वाचल्या. सगळ्यांत भांडणाचीच फर्माईश होती. लोक टाळ्या वाजवायला लागले होते. दोघांनाही एकच गोष्ट कळत होती: नकार द्यायचा तर चिठ्ठी परत न पाठवायचा, दोघांनी मिळून बांधलेला एवढा एकच नेम मोडायचा. अकॉर्डियनवाल्यानं विंगेकडं वळून मला मानेनं खूण केली. गायकानं माईक माझ्या उंचीचा केला.

मी ते भांडण पन्नासदा तरी केलं असेल, पण एका वेळी दोघंही मागं उभे असताना कधीच नाही. पहिल्या वाक्याला थिएटर उठलं. "तू बेसूर गातोस," मी म्हणलं, आणि खोकणार तेवढ्यात मागं अकॉर्डियनवाला खराच खोकला. लोक तर वेडेच झाले. त्यांना वाटलं, ठरवून केलंय. मी वळून बघितलं. त्याला खरंच ठसका लागला होता, आणि तो भाता पोटाशी धरून जमिनीकडं बघत होता. गायक हसत होता, फोटो काढताना हसतात तसं. मी उरलेलं भराभर संपवलं. मधली दोन वाक्यं खाल्ली. लोकांना कळलं नाही.

कंत्राटदारानं विंगेत माझी पाठ थोपटली. "तुझं पक्कं. पुढच्या पोस्टरवर भांडण मोठ्या अक्षरात. पुढची रांग सहा रुपय!" मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. मी खुर्ची शोधली आणि बसलो. उठून कपडे बदलायचंही जिवावर आलं होतं.

संध्याकाळी टेम्पोतून कराडला निघालो. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर गायक एका खिडकीशी, अकॉर्डियनवाला दुसऱ्या खिडकीशी, मी मधे. बाहेर ऊस, आणि ऊस संपला की परत ऊस. आष्टा मागं पडलं, तेव्हा गायक बाहेर बघत म्हणाला, "भाता हलवतोस असं मी कधी म्हणलो नव्हतो."

"म्हणला होतास," अकॉर्डियनवाला म्हणाला.

"वारा घालतोस म्हणलो होतो. भाता या पोरानं घातलाय."

"वाऱ्याचं तरी का म्हणलास?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले, जसं काही पुढचं उत्तर मीच द्यायचंय, गायकाच्या आवाजात. ड्रायव्हरनंसुद्धा मान वळवली.

"मला आता बोलायला लावू नका," मी म्हणलं. स्वतःच्याच आवाजात म्हणलं. मी उठलो, मागं ड्रमच्या खोक्यावर जाऊन बसलो आणि गुडघ्यांवर डोकं टेकलं. दोघांच्या मधली जागा मोकळी झाली. बराच वेळ तिकडं कुणी सरकलं नाही. मग अकॉर्डियनवाल्यानं भात्याचा पट्टा नीट करत आपला बाजा उचलून त्या जागेवर ठेवला, आणि गायकानं तो खड्ड्यात उडू नये म्हणून एका हातानं धरून ठेवला.